चेन का सटकत होती (आणि मी दोन आठवडे भलताच स्क्रू का फिरवत होते)

चढ संपायला चार-दोन पेडल उरली होती. मी सीटवरून उठले, सगळं वजन उजव्या पायावर टाकलं आणि पायाखालचं पेडल एकदम निर्जीव झालं. खटाक् असा आवाज, पाय रिकामाच खाली गेला आणि गुडघा थेट हँडलच्या स्टेमवर. पडले नाही, पण पुढची पाच मिनिटं पायवाटेच्या कडेला गुडघा धरून बसले होते आणि तोंडाने जे काही चाललं होतं ते इथे लिहिण्यासारखं नाही. मुद्रितशोधनाचं काम करते, त्यामुळे शब्दांचा तुटवडा नसतो.

मग खाली बघितलं तर चेन जागेवर! उतरली असती तर समजलं असतं. हात काळे करायचे, चढवायची, निघायचं. ही उतरली नव्हती, सटकली होती. एका दात्यावरून उडी मारून पुढच्या दात्यावर साळसूदपणे जाऊन बसली होती. घरी आल्यावर सायकल स्टँडवर लावली, हाताने पेडल फिरवलं, एकेक करून सगळे गिअर टाकून बघितले. तक्रारीला जागा नाही. डॉक्टरच्या दारात गेल्यावर खोकला थांबतो, तसं.

सायकल साधी आहे. हार्डटेल, म्हणजे फक्त पुढे शॉक असलेली. पेडलपाशी तीन चेनरिंग, म्हणजे दातेरी चकत्या (२२, ३२ आणि ४४ दाते), मागच्या चाकावर नऊ दातेरी चकत्यांची चळत, म्हणजे कॅसेट, ११ पासून ३४ दात्यांपर्यंत. आता माउंटन बाइकला पुढे एकच चेनरिंग आणि मागे अकरा-बारा चकत्या असतात, पण ही जुन्या घराण्यातली आहे आणि मला ती बदलायची नाही.

तर, स्टँडवर ठणठणीत आणि चढावर दगा. यावर मी काय केलं? चेनला एका चकतीवरून दुसरीवर सरकवतो तो मागचा डिरेलर. त्याच्यापाशी केबल शिरते तिथे एक गोल खाचदार नळी असते, बॅरल अॅडजस्टर. ती फिरवत बसले. पाव फेरी इकडे, चढावर जाऊन बघ, खटाक्, परत ये, पाव फेरी तिकडे. असे दोन आठवडे. तीच का? कारण तिला पाना लागत नाही. बोटांनी फिरते. बाकी सगळ्याला काहीतरी अवजार शोधावं लागतं, आणि अवजार शोधायचा कंटाळा आला की माणसाला खात्री वाटू लागते की बिघाड बोटांनी फिरणाऱ्या गोष्टीतच आहे.

त्या नळीचं काम केबलचा ताण कमी-जास्त करणं. ताण कमी पडला तर छोट्या चकतीवरून मोठ्या चकतीवर जाताना चेन रेंगाळते, जास्त झाला तर उलट दिशेला येताना रेंगाळते. ताण फारच चुकला असेल तर चेन दोन चकत्यांच्या मध्ये त्रिशंकूसारखी राहते आणि जोर दिला की इकडे किंवा तिकडे पडते. हेही ‘सटकणं’च, पण त्याला आधी कुरकुर ऐकू येते. चेन बाजूच्या चकतीला घासत असते. माझ्या सायकलला कुरकुर नव्हती. गिअर टाकला की चेन मुकाट्याने जागेवर जायची. म्हणजे केबलचा ताण सुरुवातीला ठीक होता. दोन आठवड्यांनी मात्र नव्हता, कारण मी तो बिघडवला होता. एका बिघाडाचे आता दोन झाले होते.

माझा मामा आयुष्यभर फिटर होता. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी खिशात अजून सहा इंची स्टीलची पट्टी असते. दुसरे लोक पेन ठेवतात तशी. तो आला होता, त्याला सहज म्हणून सांगितलं.

“कधी सटकते?”

“चढावर.”

“नुसतं बसून पेडल मारलं तर?”

“तेव्हा नाही सहसा. उठून जोर लावला की.”

“कुठल्या गिअरला?”

“सगळ्याच. म्हणजे... बहुतेक.”

“बहुतेक म्हणजे काय गं? प्रुफात लिहून देतेस का, ‘या पानावर बहुतेक चूक आहे’?”

मग त्याने मला कागद-पेन्सिल घेऊन पाठवलं. सपाट रस्ता, सीटवर बसून. मागचा ब्रेक हलकासा धरून ठेवायचा आणि त्याच्याविरुद्ध पेडल मारायचं, म्हणजे चढ नसतानाही चेनवर जोर येतो. एकेक गिअर टाकायचा, सटकली की लिहायचं. उठून उभं राहायचं नाही, ही त्याची सक्त ताकीद. माझा गुडघा बघून दिलेली.

कागदावर जे आलं ते बघून मीच चाट पडले. ‘सगळ्याच’ वगैरे काही नव्हतं. १५, १७ आणि २० दात्यांच्या तीन चकत्या, बस. पुढे ३२ ची चेनरिंग असो की २२ ची, त्या तिघींवरच सटकायची. ११ वर नाही, ३४ वर नाही. पुढची चेनरिंग बदलून फरक पडत नाही, म्हणजे दोष पुढे नाही. आणि या तीनच का, याचं उत्तर मला कोणी सांगायची गरज नव्हती. मी रोज जिथे असते त्या याच. डिक्शनरीची ठरावीक पानं मळतात, तशी.

“उठल्यावरच का सटकते मग?” मी विचारलं.

मामाला असे प्रश्न आवडतात. त्याने विचारलं, वजन किती तुझं. ६२ किलो. क्रँकची, म्हणजे पेडल ज्याला लावलेलं असतं त्या दांड्याची, लांबी १७ सेंटिमीटर. ३२ दात्यांच्या चेनरिंगची त्रिज्या साडेसहा सेंटिमीटरच्या आसपास. क्रँक आडवा असताना सगळं वजन एका पेडलवर टाकलं, तर चेनवर येणारी ओढ ६२ गुणिले १७ भागिले साडेसहा. सुमारे १६० किलो. पुढे २२ ची चेनरिंग असेल तर तिची त्रिज्या साडेचार सेंटिमीटरच्या थोडी आत, म्हणजे ओढ २३५ किलोच्या घरात. हा आकडा ऐकून मी जरा वेळ गप्प बसले. आपण ज्याला ‘हलका गिअर’ म्हणतो तो पायाला हलका असतो. चेनचे हाल तिथेच सगळ्यात जास्त. आणि स्टँडवर हाताने पेडल फिरवताना तिच्यावर जवळपास काहीच भार नसतो. त्या तपासणीवर विश्वास ठेवून मी दोन आठवडे घालवले होते.

मग त्याने बारा इंची पट्टी मागितली. ही गोष्ट जरा जवळून सांगते, कारण अख्ख्या प्रकरणात उपयोगाची अशी हीच.

चेनमध्ये एका पिनेच्या मध्यापासून पुढच्या पिनेच्या मध्यापर्यंतचं अंतर अर्धा इंच असतं, १२.७ मिलिमीटर. साध्या बिनगिअरच्या सायकलपासून बारा गिअरवाल्या महागड्या माउंटन बाइकपर्यंत बहुतेक सगळीकडे हेच माप. बदलते ती रुंदी. हा अर्धा इंच म्हणजे मामाच्या भाषेत चार सूत. सुतार आणि फिटर लोकांचा सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. तर नव्या चेनमध्ये २४ जोड मोजले की बरोबर बारा इंच भरतात. पेडलवर हलका दाब ठेवून चेनचा वरचा भाग ताणून धरायचा, पट्टीचा शून्य एका पिनेच्या मध्यावर लावायचा आणि चोविसावी पिन कुठे येते ते बघायचं. बारा इंचांवर आली तर चेन चांगली. अर्धा सूत पुढे गेली तर अर्धा टक्का झिजली, चेन बदलायचा विचार करा. अकरा-बारा गिअरच्या सायकलींना तर तिथेच बदलतात, आठ ते दहा गिअरवाल्यांना थोडी सवलत आहे, पाऊण टक्क्यापर्यंत. आणि पूर्ण सूतभर पुढे गेली की एक टक्का. तिथे चेन तर गेलीच, बहुधा जाताना कॅसेटलाही घेऊन गेली.

माझी सूतभराच्या पुढे होती. मामाने पट्टी माझ्या डोळ्यांसमोर धरली, काही बोलला नाही.

लोक म्हणतात ‘चेन ताणली’. पोलाद रबरासारखं ताणलं जात नाही. वाढतो तो प्रत्येक जोडातला मोकळेपणा. आतल्या पट्टीच्या भोकाची कड आणि त्यातून जाणारी पिन एकमेकींवर घासतात, दोन्ही कणाकणाने झिजतात. अर्धा सूत म्हणजे दीड मिलिमीटर, तो २४ जोडांत वाटला तर एका जोडाला ०.०६ मिलिमीटर. केसाची जाडी साधारण तेवढीच. डोळ्यांनी एक जोड बघून जन्मात कळणार नाही. पण केसाकेसाने वाढलेलं अंतर चोवीस वेळा जमलं की पट्टीवर उघडं पडतं. माझ्या धंद्यात याला काय म्हणतात सांगू का, नको.

मामाने चेनवर बोट फिरवलं आणि तो काळा लगदा चिमटीत चोळला. “हे ऑइल नाही, ही लॅपिंग पेस्ट आहे,” म्हणाला. दोन धातूंच्या पृष्ठभागांमध्ये घालून घासून झिजवायची जी पेस्ट असते ती. ऑइल अधिक बारीक माती म्हणजे घरबसल्या लॅपिंग पेस्ट. मी दर रविवारी चेनवर भरपूर ऑइल सोडत होते, वरून पुसत नव्हते. माती चिकटत होती, मी तिच्यावर अजून ऑइल ओतत होते. काळजी घेतल्याचं समाधान मात्र पुरेपूर.

“चेन बदल, कॅसेटही बदल,” मामा म्हणाला.

मी चेन बदलली. कॅसेट नाही. एवढी चांगली दिसतेय, कशाला उगाच.

आणि नव्या कोऱ्या चेनवर सायकल पहिल्यापेक्षा वाईट सटकायला लागली. आधी चढावर उठले तर सटकायची, आता सपाट रस्त्यावर बसून पेडल मारतानाही, त्याच तीन चकत्यांवर. ४० पावलं नीट गेले नसेन. फोनवर मामाला सांगितलं तेव्हा त्याला हसू आवरेना. जुनी चेन आणि जुनी कॅसेट एकमेकींना सांभाळून झिजलेल्या असतात, जुन्या जोडप्यासारख्या. चेनची लांबी वाढते तसे तिचे रोलर दात्यांवर थोडे वर सरकून बसतात आणि दात्यांची ती बाजू आपल्या मापाने कोरत जातात. बरेच दिवस दोघींचं जमून जातं. आता मध्येच बरोबर अर्ध्या इंचाच्या मापाची चेन आणून बसवली, तर तिचे रोलर त्या कोरलेल्या जागेत नीट उतरत नाहीत. टोकाशी अडकतात, आणि जोर आला की दाता ओलांडतात.

मग मी कॅसेट काढली आणि सगळ्या चकत्या रॉकेलमध्ये ब्रशने घासून ओळीने कापडावर मांडल्या. (एक सूचना. काढताना त्या आणि त्यांच्या मधल्या रिंगा ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने एखाद्या तारेत ओवून ठेवा. मी सुतळी वापरली.) ३४ ची चकती आणि १७ ची चकती शेजारी ठेवून बघितली तेव्हा पटलं. ३४ चे दाते दोन्ही बाजूंनी सारखे, टोकाला बोथट. १७ चे एका बाजूने खोबणीसारखे खाल्लेले, टोकं पुढे झुकलेली, लाट फुटायच्या बेतात असते तशी. बोटाने चाचपलं तर त्या टोकाला बारीक कंगोरा लागत होता. कॅसेट सायकलवर असताना, काळ्या लगद्यात बुडालेली असताना, हे मला ‘चांगलं’ दिसलं होतं. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. कॅसेटच्या चकत्यांचे काही दाते मुद्दाम आखूड किंवा तिरके कापलेले असतात, गिअर बदलताना चेन पटकन चढावी म्हणून. ते बघून ‘अरे, दाता तुटला’ असं ओरडू नका. मी ओरडले होते.

नवी कॅसेट बसवायला काहीच वेळ लागला नाही. मागच्या चाकाच्या मध्यावर, म्हणजे हबवर, कॅसेट ज्या फिरत्या भागावर बसते तो फ्रीहब. त्याच्यावरची एक खाच बाकीच्यांपेक्षा वेगळ्या रुंदीची असते, ती जुळवली की सगळं सरळ जातं. कॅसेट धरून ठेवणारी लॉकरिंग मात्र चांगली आवळायची, ४० न्यूटन मीटर, म्हणजे हाताने वाटतं त्याहून बरीच जास्त. ढिली राहिली तर चकत्या आपापल्या जागी डुगडुगतात आणि तो नवाच संशयित तयार होतो. केबलही सोडून नव्याने लावली. सगळ्यात छोट्या चकतीवर चेन आणून, ती खाचदार नळी पूर्ण आत फिरवून, मग दोन फेऱ्या बाहेर, केबल ओढून बोल्ट आवळला. दोन आठवड्यांचं पाप धुतलं.

सटकणं थांबलं. जवळजवळ.

कारण अजून काहीतरी होतं. जोर नसतानाही, साध्या रस्त्यावर, अधूनमधून पायाला हलका झटका. खटाक् नाही, टुक्. कुठल्याही गिअरला. मी पुन्हा त्या नळीकडे हात नेला होता, खरं सांगते. पण या वेळी हाताला आवरलं आणि मोजायला लागले. टुक् झालं की एकपासून पेडलच्या फेऱ्या मोजायच्या, पुढच्या टुक्पर्यंत. साडेतीनच्या जरा आत. पुन्हा साडेतीनच्या जरा आत. गाण्यात सम फिरून फिरून त्याच जागी येते तसं ते येत होतं. म्हणजे काहीतरी फिरतंय आणि त्याची एक फेरी माझ्या पेडलच्या साडेतीन फेऱ्यांएवढी आहे. चेनरिंगचा दाता वाकडा असता तर प्रत्येक फेरीला आवाज आला असता. मागची चकती असती तर त्याहून लवकर लवकर, कारण ३२-१६ असा हिशेब धरला तरी मागची चकती पेडलच्या एका फेरीत दोनदा फिरते. पेडलहून सावकाश फिरणारं सायकलवर एकच आहे, खुद्द चेन. माझ्या चेनमध्ये १०८ जोड. पेडलची एक फेरी ३२ जोड ओढते. १०८ भागिले ३२, तीन पूर्णांक ३७. बसलं की नाही!

म्हणजे चेनचा एकच कुठलातरी जोड आखडलेला. स्टँडवर लावून पेडल उलटं, अगदी सावकाश फिरवलं आणि डिरेलरच्या दोन छोट्या पुलींकडे बघत बसले. चेन तिथे सगळ्यात घट्ट वळण घेते. एकेक जोड वळत गेला, आणि मग एक आला जो वळलाच नाही. गुडघा न वाकवता जिना उतरणाऱ्या माणसासारखा ताठ गेला, आणि त्याच्या धक्क्याने डिरेलरचा पिंजरा टुक् करून हलला. हा जोड कुठला? चेन लावताना मी स्वतः जोडलेला. चेन टूलने जुनीच पिन परत दाबून बसवली होती, ती अर्धा केस जास्त आत गेली होती. नऊ गिअर आणि त्यापुढच्या अरुंद चेनसाठी काढलेली पिन पुन्हा वापरायची नसते, भोकात तिची पकड राहत नाही. तिच्यासाठी वेगळी पिन मिळते, नाहीतर सरळ क्विक लिंक, म्हणजे चेनची दोन टोकं पिनेशिवाय जोडणारी कडी, लावावी, तीही तेवढ्याच गिअरच्या चेनची. आखडलेला जोड तात्पुरता सैल करायचा तर दोन्ही हातांचे अंगठे त्याच्या दोन बाजूंना ठेवून चेन आडवी, म्हणजे ती जिकडे वाकायला नको तिकडे, हलकेच वाकवायची. दोन-तीनदा केलं की सुटतो. माझाही सुटला. पण त्या पिनेवर १६० किलो टाकायची हिंमत नव्हती, क्विक लिंक लावली.

यानंतर सायकल कित्येक महिने गुणी बाळासारखी चालली. तेवढ्यात एका मैत्रिणीची सायकल उजव्या अंगावर आपटली आणि तिची चेन सटकू लागली. तिने मला हाक मारली आणि मी मोठ्या ऐटीत पट्टी घेऊन गेले. पट्टीवर चेन निर्दोष. तिचा प्रकार असा, की छोट्या चकत्यांवर गिअर जुळवले की मोठ्यांवर बिघडायचे, मोठ्यांवर जुळवले की छोट्यांवर. मागून एक डोळा मिटून बघितलं तर डिरेलरच्या दोन पुली चकतीच्या रेषेत नव्हत्या, खालची चाकाच्या बाजूला झुकली होती. हँगर वाकला होता. डिरेलर ज्याला टांगलेला असतो तो फ्रेमचा छोटा तुकडा, मुद्दाम मऊ अॅल्युमिनियमचा केलेला, की मार बसला तर तो वाकावा, फ्रेम नको. प्रत्येक फ्रेमचा हँगर वेगळ्या आकाराचा असायचा. २०१९ मध्ये स्रॅम कंपनीने सगळ्यांना चालेल असा एक आकार काढला तेव्हापासून नव्या सायकलींचं जरा सोपं झालंय. तिची जुनी होती. नवा हँगर येईपर्यंत ती चालत फिरली.

आणि मग थंडीत माझ्याकडे तिसरा अंक सुरू झाला.

सकाळी निघाले, पहिल्याच चढाला पेडल मोकळं. पण या वेळी खटाक् नाही. आवाजच नाही. पाय चिखलात जावा तसा मऊपणे खाली गेला, अर्धी फेरी तशीच गेली आणि मग कुठेतरी पकड आली. मामाला फोन केला.

“चेनने उडी मारली?”

“माहीत नाही. आवाज तर नाही आला.”

“ठिपका लाव.”

प्रुफं तपासताना वापरायचं व्हाइटनर होतंच. मागच्या मोठ्या चकतीवर एक पांढरा ठिपका दिला. मागचा ब्रेक घट्ट दाबला, सायकलच्या बाजूला उभी राहून पेडल हाताने जोरात दाबलं, डोळे ठिपक्यावर. चेन सटकत असेल तर चकती जागेवर राहते आणि चेन तिच्यावरून उडी मारते. इथे चेन शहाण्यासारखी दात्यांत बसून होती आणि ठिपका मात्र पुढे सरकला. चाक ब्रेकने बांधलेलं, आणि चकती फिरतेय! म्हणजे चेन, कॅसेट, केबल, हँगर, सगळे निर्दोष. दोष हबच्या आत.

“कुत्रे फेल,” मामा म्हणाला. फ्रीव्हीलमध्ये किंवा फ्रीहबमध्ये जे छोटे खटके असतात, पेडल मारताना खाचेत अडकणारे आणि पाय थांबवले की टकटक करत सरकणारे, त्यांना सायकलवाले कुत्रे म्हणतात. माझ्या हबमध्ये तीन आहेत, प्रत्येकाच्या पाठीशी केसाएवढ्या तारेची स्प्रिंग. माझा हब उघडता येतो, सगळेच येत नाहीत. उघडला तर तिन्ही कुत्रे पिवळ्या जाड ग्रीसमध्ये गाडलेले. बेअरिंगला घालायचं ते ग्रीस. घातलं कोणी? मी. मागच्या महिन्यात. सर्व्हिसिंग म्हणून. उताराला येणारी टकटक बंद झाली होती तेव्हा मी केवढी खूश होते, किती गुळगुळीत चाललंय म्हणून. ती टकटक म्हणजे कुत्रे जागे असल्याची खूण होती. थंडीत ग्रीस घट्ट झालं, स्प्रिंगला ते ढकलता येईना, कुत्रे आत चिकटून राहिले. सगळं रॉकेलने धुतलं, कोरडं केलं, पातळ ऑइलचे दोनच थेंब. टकटक परत आली, आणि पकडही.

सायकलची पट्टी आता तिच्याच शेजारी खिळ्याला टांगलेली असते. महिन्यातून एकदा मोजते आणि तारीख घालून भिंतीवर पेन्सिलने लिहिते. गेल्या वेळी पाव सूत. ऑइल रोलरवर थेंब-थेंब, मग बाहेरून फडक्याने इतकं पुसायचं की हात लावला तर काळा व्हायला नको. सगळ्या चकत्यांवर थोडं थोडं राहायचा प्रयत्न करते, तरी १७ वर जास्त जातेच. जित्याची खोड.

गेल्या रविवारी नवं काहीतरी ऐकू यायला लागलं. चढावर, पेडलच्या प्रत्येक फेरीला एकदा, उजवा पाय खाली जाताना, कर्र. सटकत नाही, नुसतं कर्र. मी लगेच मोजलं. फेरीला एक, म्हणजे क्रँक, चेनरिंग किंवा पेडल. चेनरिंगचे बोल्ट आवळले. पेडल काढून ग्रीस लावून बसवलं. क्रँकचे बोल्ट बघितले. कर्र कायम. मामाला फोन करून अगदी पद्धतशीर सगळं सांगितलं, फेरीला एक, उजवा पाय, चढावर, आवाज पुढून.

“उठून पेडल मार,” तो म्हणाला.

“त्याने काय होणार? तेव्हा तर जोर अजून...”

“अगं, उठून बघ तरी.”

सीटवरून उठले. आवाज बंद. बसले, कर्र. उठले, बंद. पेडल मारताना दर फेरीला मी सीटवर जराशी उजवीकडे कलत होते, आणि करकरत होता सीटचा दांडा. तो फ्रेममधून बाहेर काढला, आतली वाळू पुसली, ग्रीसचा पातळ हात फिरवून परत बसवला.